फुकटची तीन वर्षं संपली: कनेक्टेड कारच्या पॅकेजचे पैसे भरायचे का?

नवी गाडी ताब्यात देताना शोरूमवाले मोबाईलवर जे ॲप टाकून देतात, त्याचा खरा हिशेब मुदत संपल्याचा मेसेज आल्यावर सुरू होतो. इंटरनेटवरून गाडी फोनला जोडणारं हे ‘कनेक्टेड’ प्रकरण आपल्याकडे मध्यमवर्गाच्या गाड्यांत आलं ते २०१९ मध्ये. मे महिन्यात ह्युंदाई व्हेन्यू ब्लूलिंक घेऊन आली, जूनमध्ये एमजी हेक्टर ‘इंटरनेट इनसाइड’ अशी पाटी अंगावर मिरवत आली आणि ऑगस्टमध्ये किया सेल्टोस. मग टाटाची आयरा, महिंद्राची ॲड्रेनॉक्स, मारुतीची सुझुकी कनेक्ट, टोयोटाची आय-कनेक्ट अशी रांगच लागली. नावं निराळी, आतला माल जवळपास एकच. डॅशबोर्डच्या मागे एक डबी असते. तिच्यात सिम आणि जीपीएस असतं, आणि गाडीच्या कॅन बसला, म्हणजे आतल्या छोट्या संगणकांना (मॉड्यूलना) एकमेकांशी जोडणाऱ्या तारांना, तिची जोडणी असते. फुकटची मुदत बहुतेक ठिकाणी तीन वर्षांच्या आसपास, काही मॉडेलना कमी-जास्त. पुढचा दर पॅकेजप्रमाणे बदलतो, तो डीलरकडून लेखी मागून घ्यावा.

आधी एक भीती काढून टाकू, कारण तिच्यापोटीच बरेच जण पैसे भरतात. मुदत संपली म्हणून अँड्रॉइड ऑटो आणि कारप्ले (फोनवरची ॲप गाडीच्या स्क्रीनवर आणणाऱ्या सोयी), ब्लूटूथ, रिव्हर्स कॅमेरा, टायरच्या हवेचा इशारा किंवा एडास (लेन आणि ब्रेकसाठी चालकाला मदत करणारी यंत्रणा) यांतलं काही बंद पडत नाही. ती कामं गाडी स्वतः करते किंवा तुमच्या फोनच्या डेटावर होतात. बंद पडतं ते गाडीतल्या सिमवर चालणारं: ॲपवरून लॉक-अनलॉक, गाडी कुठे आहे ते दिसणं, लांबून एसी लावणं, चोरीचे इशारे, कॉल सेंटर, स्क्रीनवरचं लाइव्ह ट्रॅफिक आणि इंटरनेटवर चालणारे व्हॉइस कमांड. (ताशी ८० किलोमीटरच्या पुढं वाजणारी टिकटिक पॅकेजमध्ये येत नाही. १ जुलै २०१९ पासून ती कायद्यानंच बसवलेली आहे, ८० ला थांबून थांबून आणि १२० च्या पुढं सलग. पैसे भरून वा न भरून ती जाणार नाही.)

म्हणजे या यादीतलं जे खिशातला फोन करू शकत नाही, तेवढ्यापुरताच पैशांचा विचार करायचा.

ॲपमधलं काय कामाचं

तुम्ही घरात आणि गाडी खाली, तेव्हा गाडीची खबर फोनला स्वतःहून लागत नाही. म्हणून पॅकेजमधलं सगळ्यात उपयोगी काम म्हणजे गाडीची अवस्था दिसणं: लॉक आहे का, काच उघडी राहिली का, पार्किंग लाइट चालू आहे का. जूनच्या पहिल्या पावसात सनरूफ उघडं राहिल्याचा एक इशारा वर्षाचे पैसे वसूल करू शकतो. पण आपल्या मॉडेलमध्ये काचांची स्थिती दिसते का, हे आधी बघा. काही गाड्यांत फक्त दारं आणि डिकी दिसते, काचा दिसत नाहीत.

ॲपवर लॉकचं बटण दाबल्यावर दहा-वीस सेकंद, कधी अर्धा-पाऊण मिनिट काहीच होत नाही. लोक इथे चिडतात आणि चार वेळा दाबतात. त्याचं कारण समजून घ्या. गाडी बंद असताना आतली डबी वीज वाचवायला झोपलेली असते. कंपनीचा सर्व्हर तिला उठवायचा संदेश पाठवतो, ती जागी होऊन नेटवर्क पकडते, बॉडी कंट्रोल मॉड्यूलला (दारं-दिवे सांभाळणाऱ्या संगणकाला) आज्ञा देते आणि काम झाल्याचा निरोप परत पाठवते. या साखळीत दुसऱ्यांदा दाबलेलं बटण फक्त ‘आधीची विनंती सुरू आहे’ एवढंच मिळवून देतं. एकदा दाबा आणि थांबा. गाडी बरेच दिवस उभी राहिली तर डबी गाढ झोपेत जाते आणि मग ॲपवरून उठतच नाही. तेव्हा चावीनं एकदा गाडी सुरू करण्याशिवाय इलाज नाही. ही मर्यादा किती दिवसांची, ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं.

तळघरातल्या पार्किंगचं दुखणं वेगळं. पुण्या-मुंबईच्या टॉवरमध्ये पी-२, पी-३ वर मोबाईलचा सिग्नलच पोचत नाही, मग संदेश तरी कुठून पोचणार? ॲप शेवटची जागा दाखवत राहतं आणि सगळ्या आज्ञा फसतात. सोसायटीनं खाली वाय-फाय लावलं तरी फरक पडत नाही, डबी सिमवर चालते. तुमची पार्किंगची जागा कायमची तळघरात असेल तर पॅकेजचे पैसे निम्मे वाया गेले असं धरून चाला. डेमो घेताना शोरूमच्या काचेसमोर घेऊ नका. गाडी आल्यावर मोफत मुदतीतच आपल्या जागेवर उभी करून आठवडाभर बघा.

मुंबईत यांत्रिक पार्किंगवाल्यांना आणखी एक त्रास. लिफ्टनं गाडी वर उचलली की तिला वाटतं कुणी टोचन लावून नेतंय, आणि ॲप बोंब मारतं. हा झुकाव ओळखणारा सेन्सर बहुतेक गाड्यांत सेटिंगमधून तात्पुरता बंद करता येतो. तो कायमचा बंद करू नका, रस्त्यावर गाडी लावाल तेव्हा लागतो.

लांबून एसी लावणं ही चैन वाटते, पण मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याकडे उन्हात उभ्या गाडीत लहान मूल बसवायचं असेल तर ती गरज आहे. अटी मात्र पाळाव्या लागतात: सगळी दारं लॉक, बोनेट बंद, ऑटोमॅटिकमध्ये गियर पी वर, आणि कित्येक गाड्यांत चावी गाडीत नसली पाहिजे. मॅन्युअलमध्ये जिथं ही सोय आहे तिथं न्यूट्रल आणि हँडब्रेक बघितला जातो. यातलं एक जरी चुकलं तरी ॲप नुसतं ‘अयशस्वी’ म्हणतं, कारण सांगत नाही. इंजिन साधारण दहा मिनिटांनी आपोआप बंद होतं. गोल बटणांचा साधा एसी असेल तर गाडी बंद करताना ब्लोअर आणि एसी चालू अवस्थेत सोडावा लागतो, नाहीतर इंजिन चालतं आणि हवा गरमच राहते. पेट्रोल-डिझेलची गाडी बंद गॅरेजमध्ये अशी कधीही सुरू करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. इलेक्ट्रिक गाडीला ही अडचण नाही, त्यामुळे या एका कामात ती सरळ बाजी मारते.

चोरीच्या बाबतीत जाहिरातीवर फार विसंबू नका. ठिकाण दिसतं ते १२ व्होल्टची बॅटरी जोडलेली आहे आणि नेटवर्क आहे तोवर. सराईत चोर पहिल्यांदा बॅटरीच काढतो. कॉल सेंटरकडून माग काढून घ्यायचा किंवा गाडी पुन्हा सुरू होऊ नये असं करायचं, तर आधी पोलिसांत तक्रार नोंदवून तिचा क्रमांक द्यावा लागतो. चालत्या गाडीचं इंजिन एकदम बंद केलं जात नाही, आणि ते योग्यच आहे. जोडीला एक एअरटॅग (ॲपलचा, माग काढायचा छोटा बिल्ला) सीटखाली टाकला तर बॅटरी काढल्यावरही माग राहतो. आसपासच्या आयफोनवर तो चालतो, आत साधा सीआर २०३२ सेल. डॅशबोर्डवर किंवा काचेजवळ ठेवू नका, त्याची मर्यादा ६० अंश सेल्सिअस आहे. सोबत फिरणाऱ्या अनोळखी फोनलाही तो सूचना देतो, म्हणजे चोरालाही कळू शकतं.

आवाजी हुकमांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. सनरूफला बटण आहे, एसीला बटण आहे. ज्या गाड्यांतून बटणं काढून सगळं स्क्रीनमध्ये कोंबलंय, तिथं हुकूम कामाला येतो. पण तो गाडीचा दोष, पॅकेजचा गुण कसला?

सगळ्याच्या मुळाशी: १२ व्होल्टची बॅटरी

कनेक्टेड गाडीच्या निम्म्या तक्रारी बॅटरीशी येऊन थांबतात. स्क्रीन मध्येच रीस्टार्ट होणं, ॲप ‘गाडीशी संपर्क नाही’ म्हणणं, स्टार्ट-स्टॉप (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणं) बंद राहणं, एकामागून एक इशाऱ्याचे दिवे लागणं. वर्कशॉपमध्ये सॉफ्टवेअर टाकून बघायच्या आधी व्होल्टेज मोजा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी दार न उघडता मोजलं तर १२.६ च्या वर म्हणजे पूर्ण भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. ११.९ च्या खाली गेली तर रिकामीच समजा. इंजिन चालू असताना १३.५ ते १४.७ दिसायला हवं. स्मार्ट अल्टरनेटरच्या (गरजेप्रमाणे चार्जिंग कमी-जास्त करणाऱ्या) गाड्यांत ते मध्ये मध्ये खाली येतं, त्यानं घाबरू नका.

आता गणित. झोपलेली गाडी २० ते ५० मिलिअँपिअर ओढते, एवढं चालतं. ३० धरले तर दिवसाला पाऊण अँपिअर-तासाच्या थोडं खाली, महिन्याला २२ च्या आसपास. ४५ अँपिअर-तासाची बॅटरी महिनाभर उभ्या गाडीत अर्धी होते ती अशी. परदेशात मुलांकडे तीन महिने जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. शेजाऱ्याला चावी देऊन दर दहा-बारा दिवसांनी गाडी वीस-तीस मिनिटं चालवायला सांगा. जागेवर पाच मिनिटं इंजिन फिरवून बॅटरी भरत नाही, सेल्फला लागलेलं परत येतं इतकंच. आणि तिकडून रोज चार वेळा ॲप उघडून गाडी बघू नका, दर वेळी डबी जागी होते आणि वीज खाते.

बॅटरी वारंवार उतरत असेल तर कोण ओढतंय ते शोधायचं असं. मल्टिमीटर १० अँपिअरवर लावून निगेटिव्ह टर्मिनल आणि त्याची वायर यांच्यामध्ये जोडा. बोनेट उघडं आहे, पण त्याचं कुलूप स्क्रूड्रायव्हरनं दाबून बंद करा, म्हणजे गाडीला ते बंद वाटेल. दारं लॉक करा, चावी लांब ठेवा, अर्धा-पाऊण तास हात लावू नका. सगळी मॉड्यूल झोपायला एवढा वेळ लागतो, आणि बरेच मेकॅनिक इथंच घाई करून भलताच आकडा वाचतात. त्यानंतर ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर गाडी निर्दोष, बॅटरी म्हातारी. २००-३०० दिसले तर कुणीतरी जागं आहे. फ्यूज उपटत बसू नका, त्यानं झोपलेली मॉड्यूल पुन्हा उठतात. मीटर मिलिव्होल्टवर ठेवून प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टोकांवर टेकवा. ज्यावर काही मिलिव्होल्ट दिसतील त्याच वाटेनं करंट वाहतोय. मीटर जोडलेला असताना गाडी सुरू करू नका, मीटरचा फ्यूज जाईल.

नेहमीचे गुन्हेगार ठरलेले आहेत. बाहेरून बसवलेला अँड्रॉइड स्टिरिओ झटकन सुरू व्हावा म्हणून पूर्ण झोपतच नाही. डॅशकॅमचा पार्किंग मोड असतो. स्टीअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटात कायम खोचून ठेवलेला स्वस्त ओबीडी डोंगल (गाडीतल्या बिघाडाचे कोड फोनवर दाखवणारी डबी) असतो. त्या डोंगलनं कोड वाचा आणि काढून ठेवा. तो बॅटरी खातो, शिवाय काही नकली डोंगल गाडी चालू असताना कॅन बसवर गोंधळ घालतात.

निगेटिव्ह टर्मिनलवर छोटी काळी डबी असेल तर तो बॅटरी सेन्सर. अशा गाडीला चार्जर किंवा जंपर लावताना काळा चिमटा बॅटरीच्या खांबावर लावायचा नाही, इंजिन किंवा बॉडीच्या अर्थिंगवर लावायचा. नाहीतर भरलेला चार्ज सेन्सरच्या हिशेबातच येत नाही. स्टार्ट-स्टॉपच्या गाडीत ईएफबी किंवा एजीएम प्रकारची, वारंवार सुरू-बंद सोसणारी बॅटरी येते. तिच्या जागी हजार-दोन हजार वाचवायला साधी टाकली तर ती लवकर बसते. बॅटरी काढून जोडल्यावर एका झटक्यात वर जाणारी काच अर्ध्यात थांबायला लागते. काच पूर्ण वर नेऊन बटण दोन-तीन सेकंद तसंच ओढून धरा, ती पुन्हा शिकते.

इलेक्ट्रिकवाल्यांनी हसू नये. मोठी बॅटरी ९० टक्के भरलेली असली तरी १२ व्होल्टची मेली की कॉन्टॅक्टर (मोठी बॅटरी जोडणारे स्विच) जुळत नाहीत आणि गाडी जागची हलत नाही. तिच्या दारात शिरायची यांत्रिक किल्ली रिमोटच्या पोटात असते, ती कशी काढायची ते आजच बघून ठेवा. रिमोटचा सेल संपला असेल तर रिमोट थेट स्टार्ट बटणाला टेकवून दाबा. इमोबिलायझरची (चावी ओळखल्याशिवाय गाडी सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) चिप सेलशिवाय वाचली जाते. काही गाड्यांत टेकवायची जागा कप होल्डरजवळ असते.

फोन आणि स्क्रीन

रोजच्या वापरात नव्वद टक्के वेळ अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्लेच चालतं, आणि तिथं पॅकेजचा संबंध नाही. गंमत अशी की ह्युंदाई-कियाच्या बऱ्याच गाड्यांत ८ इंची स्क्रीनला वायरलेस होतं आणि वरच्या मॉडेलच्या १०.२५ इंचीला वायर लावावी लागायची. जास्त पैसे देऊन दोरी हातात.

वायरनं तुटतं तेव्हा पहिला संशय केबलवर घ्या. चार्जिंगपुरत्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात. एक मीटरच्या आतली, चांगली, डेटावाली केबल घ्या. मग फोनचं भोक बघा. खिशातला कापसाचा मळ आत दाबून बसतो आणि पिन अर्धा मिलिमीटर बाहेर राहते. फोन बंद करून लाकडी टूथपिकनं काढा. हे दोन्ही करूनही खड्ड्यात तुटत असेल तर गाडीचं यूएसबी सॉकेट सैल झालंय, ते वेगळं बदलून मिळतं. अख्खा स्टिरिओ बदला म्हणणाऱ्याकडून उठा.

वायरलेस डोंगल (यूएसबीत खोचून फोन वायरशिवाय जोडणारी डबी) घेताना एक अट विसरली जाते: गाडीत वायरचं अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले आधीपासून असलं पाहिजे. डोंगल नवीन सोय देत नाही, वायरची जागा घेतो. फोन आधी ब्लूटूथवर ओळख करतो, मग खरी वाहतूक ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर चालते. सुरू व्हायला वीस ते चाळीस सेकंद. गाणं बदललं की सेकंदभर उशीर, फोनवर बोलताना कधी प्रतिध्वनी. घरात अँड्रॉइड आणि आयफोन दोन्ही असतील तर दोन्हींना चालणारा घ्या, एकाच प्रकारचे बरेच विकले जातात. डोंगल दर पाच मिनिटांनी रीस्टार्ट होत असेल तर बहुधा ते यूएसबी सॉकेट ५०० मिलिअँपिअरच देतंय. दोन टोकांची केबल घेऊन वीज १२ व्होल्टच्या चार्जरमधून द्या. ज्या गाड्यांत गाडी बंद झाल्यावरही यूएसबी जिवंत राहतं, तिथं आणखी एक गंमत होते: गाडी खिडकीखाली उभी आणि घरात आलेला फोन गाडीत वाजतो. फोनच्या सेटिंगमध्ये हा डोंगल आपोआप जोडला जाणं बंद करा, किंवा सरळ काढून ठेवा.

वायरलेस ऑटो, नकाशा आणि वायरलेस चार्जिंग तिन्ही एकदम चालू ठेवून दुपारी निघालात तर फोन तापून चार्जिंग थांबवतो. लांबच्या प्रवासात वायरनंच चार्ज करा. चार्जिंगच्या खाचेत टोलची नाणी आणि कार्डं ठेवायची सवय सोडा, नाणं तापतं आणि कार्डाची चिप बिघडू शकते.

नकाशा आणि एसओएस

गाडीतला नकाशा फोनपुढं फिका पडतो, एक जागा सोडून. बोगद्यात फोनला उपग्रह दिसत नाहीत. समृद्धीवर इगतपुरीजवळचा बोगदा जवळपास आठ किलोमीटरचा आहे. हा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. तिथं फोनचा बाण अंदाजानं सरकतो किंवा थिजतो. गाडीतला नकाशा चाकांच्या वेगावरून आणि वळणावरून जागा काढत राहतो. पण तेवढ्यासाठी पॅकेज लागत नाही, गाडीत साठवलेला नकाशा मुदतीनंतरही चालतो, ताजा मात्र होत नाही. ताम्हिणी, वरंधा, आंबोलीच्या वाटेवर निघायच्या आधी फोनमध्ये तो भाग ऑफलाइन उतरवून ठेवा. रस्ता दिसेल, वाहतुकीचा रंग दिसणार नाही.

एसओएसच्या लाल बटणाबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. युरोपात ३१ मार्च २०१८ नंतर मान्यता मिळालेल्या नव्या मॉडेलना ई-कॉल (अपघातात गाडीतून आपोआप जाणारा फोन) सक्तीचा आहे आणि तो थेट ११२ ला लागतो. आपल्याकडे खासगी गाडीचं बटण कंपनीच्या कॉल सेंटरला लागतं, तिथून पुढं मदत. पॅकेजबरोबर ते बंद होतं का, हे डीलरला नेमकं विचारा. घाटात नेटवर्क नसेल तर तेही नाही. तरी एअरबॅग उघडल्यावर आपोआप फोन जाणं ही एक गोष्ट पैसे भरण्यासाठी पुरेशी आहे, विशेषतः घरातलं कुणी एकटं रात्री हायवेवर जात असेल तर. आयफोन १४ आणि पुढच्या फोनमध्ये अपघात ओळखायची सोय आहे, पण धडकेत फोन सीटखाली जाऊन फुटू शकतो. गाडीतली डबी ठोकून बसवलेली असते, आणि बऱ्याच डब्यांत स्वतःची छोटी बॅटरीही असते. बटणाशेजारचा दिवा लाल झाला असेल तर ती संपली असण्याची शक्यता आहे. सर्व्हिसला सांगून जॉब कार्डवर लिहून घ्या.

अपडेट

हवेतून येणारा अपडेट इंजिन बंद करून, घरी उभ्या गाडीत घ्या, आणि व्होल्टेज १२.४ च्या वर असताना. मध्येच बॅटरी उतरली तर युनिट अर्धवट अडकतं, मग टो करून नेण्याची पाळी. घेण्याआधी स्क्रीनवरच्या आवृत्तीच्या क्रमांकाचा फोटो काढा. सर्व्हिसमध्ये ‘अपडेट मारला’ म्हणतात तेव्हाही आधीचा आणि नंतरचा क्रमांक मागा.

नकाशाचा अपडेट आणि सुरक्षेचं रिकॉल यांत गल्लत नको. कियानं ऑक्टोबर २०२२ मध्ये ४४,१७४ कॅरेन्स परत बोलावल्या त्या एअरबॅगच्या कंट्रोल युनिटचं सॉफ्टवेअर तपासायला. २०२३ मध्ये पुन्हा ३०,२९७ बोलावल्या, सुरू होताना मीटरची स्क्रीन कोरी राहू शकते म्हणून. असं काम फुकट असतं. पॅकेज संपलंय, गाडी दुसऱ्या मालकाची आहे, बाहेर सर्व्हिस करता, यातलं काहीही आड येत नाही. चॅसी नंबर टाकून कंपनीच्या साइटवर वर्षातून एकदा बघावं.

एडासवाल्यांसाठी एक सूचना. पुढची काच फुटून बदलली तर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन (कोन पुन्हा जुळवणं) केल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका. काच नाक्यावरच्या दुकानात स्वस्त बसते, पण कॅमेरा एखाद अंश फिरला तरी लेन आणि ब्रेकचा हिशेब चुकतो. इन्शुरन्सच्या अंदाजपत्रकात कॅलिब्रेशनची ओळ वेगळी टाकायला सांगा, नंतर मागितली तर वाद होतो.

डॅशकॅम, कारण हा प्रश्न येतोच

पॅकेजच्या एका वर्षाच्या पैशांत भर घालून डॅशकॅम घ्यावा का? रस्त्यावर उभी राहणाऱ्या आणि रोज हायवेला जाणाऱ्या गाडीला हो. आत लिथियम बॅटरी असलेला घेऊ नका, उन्हात ती फुगते. बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर असलेला घ्या. कार्ड ‘हाय एंड्युरन्स’ प्रकारचं हवं. १५ मेगाबिटच्या रेकॉर्डिंगला तासाला पावणेसात जीबी लागतात, म्हणजे १२८ जीबीत अठरा तासांच्या आसपास. महिन्यातून एकदा कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. ऐन अपघाताच्या दिवशी कार्ड रिकामं निघतं ते हे न केल्यामुळे.

वायरिंग करताना नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर बसवून घ्या, पण समोर उभे राहा. वायर कापून जोड देणाऱ्याला थांबवा, फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी बसून दुसऱ्या फ्यूजमधून वेगळी वायर काढून देणारा तुकडा) मागा. टॅप सनरूफ किंवा चार्जिंग सॉकेटच्या फ्यूजवर, एअरबॅग, एबीएस किंवा इंजिनच्या फ्यूजवर कधीच नाही. टॅपचा दोन्ही फ्यूजना सामाईक असलेला पाय पुरवठ्याच्या बाजूला यायला हवा. फ्यूज काढून टेस्ट लॅम्पनं जिवंत बाजू बघा. उलट बसला तर कॅमेऱ्याचा करंट दोन्ही फ्यूजमधून जातो. काचेशेजारच्या खांबाच्या प्लास्टिकमागे कर्टन एअरबॅग (खिडक्यांवर पडद्यासारखी उघडणारी) असेल तर वायर तिच्या मागून न्या, पुढून नेली तर एअरबॅग उघडताना अडते. पार्किंग मोड २५० मिलिअँपिअर धरला तर दिवसाला सहा अँपिअर-तास, चार दिवसांत ४५ ची बॅटरी अर्धी. कटऑफ (कॅमेरा आपोआप बंद होण्याचं व्होल्टेज) १२.२ वर ठेवा, स्टार्ट-स्टॉपला १२.४ वर. फुटेज पुरावा म्हणून द्यायचं असेल तर मूळ कार्ड काढून बाजूला ठेवा. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं.

गाडी विकताना, घेताना

हा भाग जवळपास सगळेच विसरतात. जुन्या मालकाचं ॲप चालू राहिलं तर तो नव्या मालकाची गाडी कुठे आहे ते बघू शकतो आणि दारही उघडू शकतो. विकणाऱ्यानं ॲपमधून गाडी काढायची, कुटुंबातल्या इतरांना दिलेला प्रवेशही. मग स्क्रीनवर जोडलेले फोन, घर-ऑफिसचे पत्ते आणि कॉलची यादी पुसून फॅक्टरी रीसेट करायचा. फास्टॅग वेगळा बंद करायचा, तो बँकेकडून होतो. आरसी नावावर व्हायची वाट बघू नका, हे चावी देतानाच करा.

जुनी गाडी घेणाऱ्यानं पैसे देण्याआधी स्क्रीनवर कनेक्टेड सेवेत आधीचं खातं दिसतंय का ते पाहायचं. दिसत असेल तर विकणाऱ्याला समोर बसवून काढायला लावायचं. तो हजर नसेल तर आरसी आणि ओळखपत्र घेऊन डीलरकडे नवी नोंदणी करावी लागते, सिमची ओळखपडताळणीही नव्यानं होते. पॅकेजची किती मुदत उरली आहे आणि ती नव्या मालकाकडे येते का, हेही तिथंच कळतं. सेकंडहँड गाडीच्या जाहिरातीत ‘कनेक्टेड’ असं लिहून भाव वाढवलेला असतो, आणि मुदत मागच्याच वर्षी संपलेली असू शकते.